मागच्या गाडीची बत्ती

शिरगावचे नाव काढले की डिचोलीपासून थेट सावंतवाडी-चंदगडपर्यंत कोणालाही दोनच गोष्टी आठवतात. एक, श्रीलईराई देवीची वैशाख शुद्ध पंचमीची जत्रा आणि दुसरी, लोखंडी खनिजाच्या खाणी. बाहेरच्या माणसाला गावाची ओळख करून देताना मीही इतकी वर्षे धोंडांच्या हातातले वेत, होमकुंड, मोगऱ्याच्या माळा आणि मग तांबड्या धुळीने माखलेले ट्रक याच क्रमाने बोलत आलो आहे. यंदा संपादकांनी ‘आपल्या भागाच्या इतिहासातले काहीतरी द्या’ असा मोघम निरोप धाडला, तेव्हा माझ्यातला एम. ए. जागा झाला आणि पोर्तुगीज राजवट, देवस्थानचा कारभार असे भारदस्त विषय मनात घोळू लागले. पण लिहायला बसलो तेव्हा कागदावर उतरली ती ट्रॉली. ट्रॅक्टरच्या मागे जोडतात ती. तिला बत्ती नसते, ब्रेक नसतो आणि इतिहासकारांनी तिची दखल घेतलेलीही नसते.

याचे कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका रात्री माझा एक माजी विद्यार्थी कामावरून स्कूटरने घरी परतत होता. रस्त्याच्या कडेला चिऱ्यांनी भरलेली एक ट्रॉली उभी होती. पुढचा ट्रॅक्टर सोडून नेलेला, चाकांखाली दोन दगड लावलेले, मागे ना दिवा ना परावर्तक. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत त्याच्या डोळ्यांवर आला असावा. मुलगा वर्गात गणितात हुशार होता, अक्षर मात्र गिचमीड. त्या अक्षरावरून मी त्याला पुष्कळ बोललो होतो. स्मशानात उभा असताना मला नेमके तेच आठवत राहिले. ती ट्रॉली माझ्या भावाची नव्हती. पण त्याची असू शकली असती, कारण त्याच्या ट्रॉलीलाही तेव्हा मागे काहीच नव्हते. मी रोज सकाळी तिच्या शेजारून शाळेत जात होतो आणि माझ्या लक्षात ते कधी आले नव्हते.

मग मी वाचू लागलो. मास्तर माणसाला दुःखावर दुसरे औषध ठाऊक नसते.

जनावराने किंवा यंत्राने ओढायचे वाहन आणि ओढणारा यांच्यातला तंटा फार जुना आहे. चढावर ओढणारा मालक असतो. उतारावर मागचे ओझे मालक होते. आमच्या आजोबांची बैलगाडी होती. उतार आला की ते खाली उतरत आणि चाकांच्या मागे आडव्या बांधलेल्या लाकडाची दोरी आवळत. ते लाकूड लोखंडी धावेला घासून किरकिर आवाज करी. ज्या गाड्यांना तेही नसे तिथे ओझ्याचा सगळा भार जुवावाटे बैलांच्या मानेवर येई. म्हणजे ब्रेक बैलांची मान हाच. रात्रीच्या प्रवासात गाडीच्या कण्याखाली कंदील टांगलेला असे. तो गाडीवानाला वाट दिसावी म्हणून नव्हे. त्याच्या उजेडात फार तर बैलाचे खूर दिसत. तो होता मागून येणाऱ्यासाठी. हलत्या कंदिलाच्या उजेडात आऱ्यांच्या सावल्या रस्त्यावर फिरत आणि पुढे कोणीतरी चालले आहे हे अर्ध्या मैलावरून कळे. आज ज्याला आपण ‘टेल लॅम्प’ म्हणतो तो आमच्या आजोबांच्या गाडीला होता. मग मधल्या काळात तो गेला कुठे, हा खरा प्रश्न.

या तंट्याचा पहिला मोठा निकाल रस्त्यावर नव्हे, रुळांवर लागला. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे वर चढली आणि आपल्या गोव्यातही १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग टाकण्यात आला. १८८८ साली तो पुरा जोडला गेला. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना दूधसागरचा धबधबा आठवेल. मला मात्र आता तिथला ३७ला १ हा चढ आठवतो. सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर खाली. अशा उतारावर इंजिनाने एकट्याने ब्रेक लावून भागत नाही, कारण मागचे डबे इंजिनालाच ढकलू लागतात. म्हणून डब्याडब्याला ब्रेक हवा आणि तो सगळा एका हाताच्या हुकमात हवा. त्यावरही विश्वास न ठेवता या घाटात सुटलेल्या गाडीला बाजूला वळवून थोपवणाऱ्या मार्गिका ठेवल्या आहेत. रेल्वेवाल्यांना उताराचे भय असते, आणि हे भय फार उपयोगी असते.

हे भय त्यांना फुकट मिळाले नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा या गावाजवळ रविवारच्या धर्मशाळेची सहल घेऊन एक आगगाडी निघाली होती. गाडीत बहुतेक मुले. डबे पंधरा, आणि ७५ला १ अशा चढावर इंजिनाचा दम सुटला. तेव्हा असे ठरले की गाडीचे दोन तुकडे करावेत आणि पुढचे पाच डबे आधी वर नेऊन सोडावेत. गाडीला निर्वात ब्रेक होता, पण तो साध्या जातीचा. इंजिनाची नळी सुटली की मागच्या डब्यांचा ब्रेक निकामी. मागच्या दहा डब्यांना उरला शेवटच्या डब्यातला एक हातब्रेक. म्हणून त्यांनी काय केले? चाकांमागे दगड लावले. पुढचा तुकडा निघताना किंचित मागे सरकला, त्या धक्क्याने दगडांचा भुगा झाला आणि दहा डबे मुलांसकट मागे धावत सुटले. खालून दुसरी गाडी येत होती. सुमारे ऐंशी माणसे मेली.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ पडवीत बसलो होतो. चाकामागे दगड! आपल्या चोर्ला घाटात, आंबोलीत, तिळारीच्या वळणांवर बंद पडलेल्या गाडीमागे लावलेले आणि गाडी निघून गेल्यावर रस्त्यातच पडलेले दगड कोणी पाहिले नाहीत? सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उलटला तरी तंत्र तेच.

इंग्लंडात मात्र त्याच वर्षी, अपघाताला तीन महिनेही झाले नव्हते तोच, कायदा झाला: प्रवासी गाडीच्या प्रत्येक डब्याला सलग ब्रेक असलाच पाहिजे आणि तो आपोआप लागणारा असला पाहिजे. या ‘आपोआप’ शब्दात सारी मेख आहे. जॉर्ज वेस्टिंगहाऊस या अमेरिकन माणसाने १८६९ साली हवेचा ब्रेक काढला, तो आधी साधाच होता. नळीतून हवा सोडली की ब्रेक लागे. नळी तुटली तर काहीच होत नसे. १८७२च्या सुमारास त्याने कल्पना उलटी केली. नळीत हवा कायम भरलेली ठेवायची; तिचा दाब ब्रेकला मोकळे धरून ठेवील. दाब उतरला, मग तो चालकाने उतरवलेला असो की डबा तुटून नळी फाटल्यामुळे असो, ब्रेक लागणार. बिघाड झाला की गाडी थांबते. मला वाटते, माणसाने लावलेल्या शहाण्या शोधांत याची गणना व्हायला हवी. शाळेच्या कारभारातही असे काही लावता आले असते तर!

रस्त्यावरच्या जोडगाडीला मात्र हे शहाणपण पोचायला फार उशीर लागला, आणि आमच्याकडे तर ते अजून वाटेतच आहे.

आता शिरगावकडे येऊ. खाणी सुरुवातीला हातांच्या होत्या. पुरुषांनी पहारीने माती-दगड उकरायचे, बायांनी हातोड्याने फोडून, निवडून टोपलीने वाहायचे. १९५१ साली, युद्धात बेचिराख झालेल्या जपानला पोलादासाठी खनिज हवे होते आणि चौगुले कंपनीला शिरगावच्या खाणीसाठी यंत्रे हवी होती. जपानी पोलाद उद्योगाने यंत्रसामग्रीसाठी कर्ज दिले आणि खनिज जपानला जाऊ लागले. युद्धानंतर जपानने परदेशी खनिजात हात घातला त्या अगदी पहिल्या व्यवहारांपैकी हा एक. आमच्या गावाचे नाव तोकियोच्या कागदपत्रांत चढले तेव्हा गावात अजून वीज यायची होती. खोरी, ट्रक आले, रस्ते रुंद झाले, खनिज मांडवीकाठच्या धक्क्यांवरून बार्जेसमधून मुरगावला जाऊ लागले.

(जाता जाता एक गंमत. १९२८ साली पोर्तुगालने रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. पण गोव्याला मात्र डावीच ठेवली, कारण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चाले. साहेबाशी पटो न पटो, सीमेवरच्या रस्त्याला शेजाऱ्याचे ऐकावे लागते. सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.)

ट्रॅक्टर आपल्याकडे आला तो मुक्तीच्या आगेमागे. भारतात आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली बाहेर पडला आणि साठीच्या दशकात एस्कॉर्ट्स, महिंद्र वगैरे मंडळी त्यात उतरली. ट्रॅक्टर हे मुळात शेतात नांगर ओढायचे यंत्र. त्याला ब्रेक असतात ते मागच्या दोन चाकांना, डावा-उजवा वेगवेगळा, म्हणजे शेतात वळताना एकच चाक धरता यावे. रस्त्यावर दोन्ही पेडल खिट्टीने एकत्र जोडून चालवायचे असते. किती जण जोडतात हे विचारू नये. साखर कारखानदारी वाढली. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०चा, मग कोल्हापूर, बेळगाव भरून गेले. उसाच्या बैलगाडीची धाव जाऊन रबरी टायर आला आणि बैलाच्या जागी ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास, मागे आठ-दहा टन. बैलाच्या मानेची जागा आता ट्रॅक्टरच्या हुकाने घेतली, आणि कण्याखालचा कंदील मात्र या बदलात कोणीच पुढे आणला नाही. गळीत हंगामात पोलीस आणि आर.टी.ओ.वाले कारखान्यांच्या फाटकावर ट्रॉल्यांना लाल कापड, परावर्तक पट्ट्या बांधतात. हंगाम संपला की कापड विटते.

कायद्यात म्हणाल तर कमतरता नाही. १९८८चा मोटार वाहन कायदा ट्रेलर म्हणजे काय ते सांगतो, त्याची नोंदणी मागतो. १९८९चे केंद्रीय नियम दिवे, परावर्तक, ब्रेक सगळ्यांविषयी बोलतात. परंतु ट्रॉली हे असे अपत्य आहे की कामाच्या वेळी ते वाहन असते आणि कायद्याच्या वेळी शेतीचे अवजार.

आमच्या घरात ट्रॉली आली ती खाणींच्या कृपेने, किंवा अवकृपेने म्हणा. धाकट्या भावाचा खनिजाचा टिपर होता. खाणी पाण्याच्या पातळीखाली गेल्या, गावच्या विहिरी आटल्या, माणसे न्यायालयात गेली. त्याच घरांतले दुसरे कोणी ट्रकवर पोट भरत होते. सप्टेंबर २०१२मध्ये सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१४ साली अटी घालून परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८च्या निकालाने मार्चपासून पुन्हा सारे बंद. २०२२च्या डिसेंबरात शिरगावच्या पट्ट्यांचे लिलाव झाले, पण तोवर भावाचा ट्रक अंगणात उभ्या-उभ्या गंजला होता. त्याने तो मोडीत काढला आणि मागचा ऍक्सल ठेवून घेतला. त्यावर सीमेपलीकडच्या एका कारागिराकडून ट्रॉली बांधून आणली, जुना ट्रॅक्टर घेतला आणि चिरे, वाळू, शेणखत वाहू लागला.

गंमत अशी की त्या ऍक्सलवर ब्रेकचे ड्रम, आतले लायनर, सगळे जागच्या जागी होते. ट्रॉली बांधणाऱ्याने फक्त नळ्या कापून टाकल्या होत्या. ब्रेक होता, त्याला हुकूम देणारे कोणी नव्हते.

त्या मुलाच्या तेराव्यानंतर मी भावाला म्हटले, “बत्ती लावून घेऊ या.” तो म्हणाला, “दादा, रात्री मी गाडी काढतच नाही.” “आणि बंद पडली तर?” यावर तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या मेस्ताकडे गेलो.

मेस्त वयाने माझ्याहून लहान, शिक्षण सातवी, पण मला त्या दिवशी त्याच्यापुढे विद्यार्थ्यासारखे उकिडवे बसावे लागले. ट्रॅक्टरमागे सात टोचांचे सॉकेट असते. सात तारा, सात रंग: पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्या, लाल ब्रेकच्या दिव्याची, तपकिरी उजव्या बाजूच्या मागल्या बत्तीची, काळी डाव्या, निळी धुक्याच्या दिव्याची आणि पांढरी ‘अर्थ’. हे रंग जगभर मान्य झालेल्या एका मानकाचे आहेत. अर्थात, बाजारात हाताला येईल ती तार लावणाऱ्याला मानक काय करणार? म्हणून मेस्त रंगावर विश्वास ठेवत नाही. त्याने आधी एक छोटा दिवा दोन तारांना लावून ट्रॅक्टरच्या सॉकेटातला एकेक टोच तपासला. मी इंडिकेटर दे, ब्रेक दाब, अशा त्याच्या आज्ञा पाळत होतो.

“सर, सगळो घोटाळो अर्थाचो आसता,” तो म्हणाला. मराठीचा एम. ए. असलेल्या माणसाला हे वाक्य एका मेकॅनिकाने ऐकवावे! पण त्याचे म्हणणे अगदी सरळ होते. विजेला जायला वाट लागते तशी परतायलाही लागते. पुष्कळ जण परतीची तार टाकतच नाहीत. ट्रॉलीचा सांगाडा लोखंडी, हुकाची खुंटी लोखंडी, वीज तिथूनच परतेल असे धरून चालतात. खुंटीवर गंज आणि ग्रीस. ट्रॉली हलली की जोड तुटतो, पुन्हा लागतो. मग उजवा इंडिकेटर दिला की मागची बत्तीच लुकलुकते, ब्रेक दाबला की सगळेच मंद होते, कारण बिचारी वीज दुसऱ्या दिव्याच्या तारेतून परतीची वाट शोधते. म्हणून त्याने पांढरी तार सांगाड्याला घासून, रंग खरवडून, बोल्टने आवळली आणि थेट सॉकेटात आणली. तारा पाइपातून नेल्या, पत्र्याच्या भोकांना रबरी कडी बसवली. हुकापाशी वळणात ताण बसू नये म्हणून हातभर ढील सोडली. पण रस्त्याला घासेल इतकी नाही. कुठेही टेपने गुंडाळलेला जोड नाही. दोन लाल बत्त्या, दोन इंडिकेटर, मागे लाल आणि बाजूंना पिवळसर परावर्तक. परावर्तक महत्त्वाचे, कारण ट्रॅक्टर सोडून नेला की तारेतली वीजही जाते. ते तेवढे मागून येणाऱ्याच्याच उजेडावर जागे राहतात.

ब्रेकचे काम अधिक जड गेले. माझा एक भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याला फोनवर विचारले तर तो उत्साहाने सांगू लागला, कारण नुकतीच त्याने आपल्या पिकअपला बोट ओढण्यासाठी तशी सोय केली होती. तिकडे ट्रेलरच्या ड्रममध्ये विजेचे चुंबक असते. वीज मिळाली की ते फिरत्या ड्रमला चिकटू पाहते, त्या ओढीने एक दांडा हलतो आणि लायनर दाबले जातात. किती वीज द्यायची हे चालकाजवळची एक छोटी पेटी ठरवते. स्वस्तातली पेटी ब्रेकचा दिवा लागल्यावर ठरलेल्या वेळात वीज वाढवते, मग तुम्ही हळू थांबा की कचकन. चांगली पेटी पुढची गाडी किती जोराने मंदावते आहे ते स्वतः जोखते आणि तेवढाच जोर मागे पाठवते. शिवाय बाजूला एक तळहाताएवढा दांडा. ट्रेलर डुलू लागला तर तेवढाच ब्रेक लावायला. आणि ट्रेलरवर एक लहान बॅटरी व एक खुंटी: ट्रेलर तुटून सुटला तर साखळीने खुंटी उपटली जाते आणि बॅटरी आपली वीज ब्रेकला देते. मी म्हटले, “हा तर वेस्टिंगहाऊस!” भाच्याला काही कळले नाही.

आमच्या ऍक्सलला ते जुळणारे नव्हते. शेवटी ट्रॉली बांधणाऱ्याकडेच परत गेलो आणि ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबर तेलाच्या दाबावर चालणारी सोय करून घेतली. ड्रम जुनेच, लायनर नवे. सरकत्या दांड्याचा, म्हणजे मागच्या धक्क्यानेच लागणारा ब्रेक स्वस्त पडला असता. पण तो ट्रॉली मागे घेतानाही लागतो, त्याला वेगळी खिट्टी लागते, आणि खिट्टी काढायला विसरणारी माणसे मला माहीत आहेत. मी त्यांच्याच घरात राहतो.

भरल्या ट्रॉलीने पहिल्यांदा देवळाकडचा उतार उतरलो तेव्हा मी भावाशेजारी मडगार्डवर बसलो होतो, जे नियमाने चुकीचे आहे. शिरगावच्या उताराविषयी मला अधिक लिहिता येणार नाही. ३ मे २०२५च्या पहाटे जत्रेत त्या गर्दीत जे झाले, जी माणसे गेली, ते अजून गावाच्या घशात अडकलेले आहे. भावाने पेडल दाबले. एरवी या जागी ट्रॉलीचा एक धक्का पाठीत बसतो आणि ट्रॅक्टरचे पुढचे तोंड किंचित आडवे होऊ बघते. त्या दिवशी धक्का आला नाही. भाऊ काही बोलला नाही. त्याने पुन्हा एकदा उगाचच ब्रेक दाबून पाहिला.

त्या मुलाच्या आईला मी हे अजून सांगितलेले नाही. काय सांगणार? ती शाळेसमोरूनच बाजाराला जाते.

ट्रॉलीतले दोन दगड भावाने तसेच ठेवले आहेत; मात्र आता ते लाकडी पाचरींना हलवून एका कोपऱ्यात गेले आहेत. गावात अशा बारा-पंधरा ट्रॉल्या आहेत. श्रावणात दुसरीला बत्ती लागली. परवा डिचोलीला गेलो तर मेस्ताच्या दारात तिसरी उभी होती आणि तिचा मालक पांढऱ्या तारेच्या पैशांवरून घासाघीस करीत होता.